साडभाऊ, हवाच घेत होती

साडभाऊ, गेल्या मंगळवारी तुमची गाडी अकोल्याला माझ्या गॅरेजसमोर आली, ती मिसिंग करतच. चार सिलेंडरची पिकप, पण एक ठोका मध्येच गिळते, दोन बरे टाकते, परत गिळते. बॉनेट थरथरतं, आरशातला माणूस दोनदोन दिसतो. गेल्या उन्हाळ्यापासून तुम्ही मला हेच सांगत होता आणि मी तुम्हाला वेड्यात काढत होतो. तेव्हा माझ्यासमोर ही बया धड मिसिंग करायला तयार नव्हती. तुम्ही गेलात आणि आता तिला तोंड फुटलं.

लिहिताना माझा हात शाळेतल्यासारखा सरळ चालतो, ते मनावर घेऊ नका. तुम्ही आपल्या बोलीतच ऐका.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी तुमची तेरवी झाली. पंगती उठल्यावर मंदाताईनं मला गोठ्यापाशी बोलावलं. रडून रडून आवाज बसला होता, पण बोलणं सरळ होतं. म्हणाली, "दिगंबरभाऊ, जयाले गाडी चालवाची हाये. तिच्या बाबानंच शिकवली तिले. पन अर्ध्या रस्त्यात बंद पडनारी गाडी मी पोरीच्या हातात देनार नाही. येत्या रविवारी परतवाड्याचा मानूस पाहाले येऊन राहिला. दुरुस्त होत असन तं तसं सांगा. नाही तं देऊन टाकते मी."

मी म्हटलं, होते. पंधरा वर्षं तुम्ही त्या गाडीला लेकरासारखं वागवलं. आणि ती विकली गेली तर माझ्यामुळं जाणार होती, हे मला आणि तुम्हालाच ठाऊक होतं. मंदाताईनं एका शब्दानं तसं म्हटलं नाही. ती म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तसं पाहिलं तर तुमचं माझं रक्ताचं काहीच नाही. दोघी सख्ख्या बहिणी, मोठी मंदाताई तुम्ही केली, तीन वर्षांनी धाकटी छाया मी केली, एवढंच. पण आपल्या सासऱ्यांची एक पद्धत होती. जावयाच्या खांद्यावर ते स्वतःच्या हातानं दुपट्टा टाकायचे, पांढरा, लाल काठाचा, आणि दोघांनाही त्यांनी सारखाच टाकला. माझ्या लग्नात तुम्ही मुद्दाम तुमचा जुना दुपट्टा घालून आला होता. मांडवात माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "मिस्त्री, आता आपन दोघं एकाच थानातले." मी नवरदेव असून हसलो, तर छायानं डोळे वटारले.

त्याच दुपट्ट्यानं आपला घात केला. ऐका तरी कसा ते.

चार वर्षांपूर्वीचा मे आठवा. तुम्ही टरबुजं भरून अकोल्याला निघाला होता आणि पूर्णेच्या पुलाअलीकडं गाडी बंद पडली. फोन केला तेव्हा टळटळीत दुपार. मी मोटरसायकलवर आलो, डोक्याला माझा दुपट्टा गुंडाळून. तुमचा डिझेल पंप म्हातारा झाला होता; तापला की पातळ झालेलं डिझेल त्याला पुढं ढकलता यायचं नाही. अशा वेळी आपल्याकडं सगळे जे करतात तेच मी केलं. पंपावर ओलं कापड. कापड कुठं शोधणार? डोक्यावरचा दुपट्टा सोडला, चौपदरी केला, पंपावर आणि त्याच्या मागच्या नळीवर घट्ट आवळून बांधला आणि त्यावर कॅनभर पाणी ओतलं. अर्ध्या तासात गाडी चालू झाली. तुम्ही म्हणत राहिलात, सासऱ्याचा दुपट्टा आहे, दुसरं काही बांध. मी म्हटलं, पंप नवा बसेपर्यंत असू द्या, फक्त कोरडा पडू देऊ नका.

नवा पंप काही बसला नाही. दुपट्टा मात्र तिथंच राहिला आणि त्याला ओला ठेवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं. कधी कोरडा दिसला की माझं डोकं फिरायचं. एवढं साधं काम तुमच्याच्यानं होत नाही का, म्हणून मी गिऱ्हाइकांसमोर तुमच्यावर घसरायचो. तुम्ही माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे, आणि मान खाली घालून ऐकून घ्यायचे. मग डबा उघडून मला आधी जेवायला लावायचे. मंदाताईच्या हातचा झुणका आणि भाकर गॅरेजच्या पत्र्याखाली बसून खाताना मी विसरून जायचो की मी रागावलो होतो. तुम्ही विसरत नव्हता, हे मला त्या मंगळवारी कळलं.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा म्हणालात की गाडी मिसिंग मारते. मी चालू करून पाहिली, तर गाडी गाणं म्हणत होती. आठ दिवसांनी पुन्हा आलात, पुन्हा तेच. मग तुम्ही रस्त्यातून फोन करायला लागलात. गाडी उभी करायची, बॉनेट उघडायचं, फोन इंजिनापाशी धरायचा आणि ओरडायचं, "ऐका." त्या घरघरीत मला काही समजायचं नाही. मी म्हणायचो, गाडी घेऊन या. तुम्ही घेऊन यायचे आणि माझ्या दारात ती पुन्हा शहाणी व्हायची.

तरी दोनदा जराशी सापडली. एकदा तुम्ही माझ्याकडं गाडी टाकून बाजारात गेला होता, संध्याकाळपर्यंत आलाच नाहीत, तेव्हा ठोका चुकला. मी तीच जुनी परीक्षा केली. गाडी चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट ढिला करून त्या सिलेंडरचं डिझेल तोडायचं; ज्या सिलेंडरला आवाजात फरक पडत नाही, तो मेलेला. त्या दिवशी दुसरा मेलेला निघाला. दुसऱ्याचं नोझल बदललं. पुढच्या वेळी चौथा निघाला. चौथ्याचं बदललं. अहो, शिकाऊ माणसालाही कळावं की आज दुसरा, उद्या चौथा, म्हणजे रोग एका सिलेंडरचा नाही. चौघांना जे एका जागेवरून मिळतं, त्यातच काही तरी गडबड आहे. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मी हे दोन मिनिटांत सांगितलं असतं. तुमची होती म्हणून नाही सांगितलं, कारण तुम्ही ते आधीच सांगून बसला होता.

तुम्ही म्हणत होता, "हवा घेऊन राहिली, मिस्त्री." पंचवीस वर्षं मी डिझेलच्या वासात काढली आणि मला हा पिकप चालवणारा माणूस सांगणार की हवा घेते. मी सगळी नळी टाकीपासून हातानं चाचपली, कुठं ओल नाही, कुठं गळती नाही. वर तुम्ही आणखी एक सांगितलं की पावसात गाडी चांगली चालते आणि ऊन पडलं की बिघडते. मी हसून हसून बेजार झालो. गॅरेजमधल्या लोकांना बोलावून सांगितलं, पाहा, यांची गाडी पावसाला खूश होते. तुम्हीही हसलात. तुमचा तो स्वभावच होता, लोक आपल्यावर हसले तरी त्यांच्यात सामील व्हायचं.

पोळ्याच्या आठवड्यात मात्र हसला नाहीत. मी इंजिनाचं हेड उतरवलं होतं, गाडी बारा दिवस अडकवली होती, बैलांचे साज आणि मखरं घेऊन जायचं तुमचं ठरलेलं भाडं दुसऱ्यानं नेलं होतं. हेड बसवलं, सवयीनं दुपट्ट्यावर पाणी ओतलं, गाडी चालू केली, गोड आवाज. तुम्ही घेऊन गेलात आणि दोन तासांनी परत आलात. उतरून एवढंच म्हणालात की अजून हवा घेते. गॅरेजमध्ये सहा-सात जण होते. मी पाना फेकला आणि म्हटलं, "हवा गाडीत नाही, तुमच्या डोक्यात शिरली हाये. मिस्त्री तुमीच व्हा ना मंग. इथं काहून येता?"

तुम्ही माझ्याकडं पाहिलं. डबा सीटवर होता, तो बाहेर काढलाच नाही. गाडीत बसलात आणि निघून गेलात.

त्यानंतर पाच महिने तुमचं माझं बोलणं नाही. छाया रोज बोलायची, तुमच्या दोघांच्या मधात आमी बहिणी-बहिणी काहून भरडाव, फोन लावा त्यांना. मी म्हणायचो, लावतो. दिवाळीला तुम्ही संत्र्यांची पेटी पाठवली, नेहमीसारखी. मी एकही संत्रं खाल्लं नाही आणि आता त्याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. अन्नावर राग काढणारा माणूस नव्हतो मी.

आणि दोन फोन आले होते. दोन्ही वेळा पडद्यावर 'साडभाऊ' असं नाव. दोन्ही वेळा मी उचलला, तर पलीकडून तुमचा आवाज नाही, फक्त इंजिनाचा. मला वाटलं, तुम्ही मला टोमणा मारताय. ऐक तुझ्या हातचं काम, असं म्हणताय. मी कापला. दुसऱ्या वेळी तर अर्धा सेकंदही ऐकलं नाही.

काय सांगत होता तुम्ही, साडभाऊ? आता कळतं की भांडण नव्हतं ते. तोंडानं बोलायचं बंद झालं होतं, म्हणून तुम्ही इंजिनाला बोलायला लावलं. तेवढा एकच रस्ता मी तुम्हाला ठेवला होता आणि तोही माझ्या अंगठ्यानं बंद केला. जेवण करून बाजेवर पडलात आणि उठलाच नाहीत, हे मला छायानं सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा फोन काढून तुमचे ते दोन कॉल पाहिले. एक आठ सेकंदांचा होता. दुसऱ्यासमोर शून्य लिहिलेलं होतं.

तर मंगळवारी जया गाडी घेऊन आली. तुमच्यासारखीच बसते, सीट पुढं ओढून, कोपर खिडकीबाहेर. ती फाटकातून आत येतानाच मी आवाजावरून उठून उभा राहिलो. ठोका चुकत होता. माझ्या दारात, माझ्या कानांसमोर, भर दुपारी. मला रडू यावं की हसू, ते कळेना. इतके महिने जी गाडी माझ्याकडं येऊन मुकी बसायची, ती आज स्वतःहून का बोलते?

मी जयाला विचारलं, वाटेत काही वेगळं झालं का? कुठं आदळली का, डिझेल कुठलं भरलं, कुणी हात लावला का? ती म्हणाली, नाही. अकोटच्या मिस्त्रीनं दिवाळीत हात लावायला पाहिला होता, पण बाबांनी लावू दिला नाही. तो म्हणत होता, हे फडकं कापून टाकू, खालची नळी पाहू. बाबांनी गाडी तशीच माघारी आणली. म्हणाले, साडभाऊनं बांधलं हाये, तोच सोडन.

मग ती पोट्टी म्हणाली, "एकच गोष्ट वेगळी झाली, मावसाजी. मी हापशीवर थांबली नाही."

कोणती हापशी, म्हणून विचारलं. तर माझ्या गॅरेजच्या दोन किलोमीटर अलीकडं निंबाखाली जी हापशी आहे, तीच. प्रत्येक वेळी माझ्याकडं यायच्या आधी तुम्ही तिथं थांबायचे म्हणे. बॉनेट उघडून दुपट्टा चांगला निथळेपर्यंत ओला करायचे. जयानं एकदा विचारलं, बाबा, आता तर थंडी आहे, कशाला? तर तुम्ही म्हणालात, कोरडा दिसला तर तुझे मावसाजी बोलतात. आणि मंगळवारी तिला त्या हापशीपाशी तुमची इतकी आठवण आली की तिच्यानं गाडी थांबवणंच झालं नाही.

मी तिथंच, बंपरवर बसलो. छाया चहा घेऊन आली होती, ती घाबरली. मी तिला म्हटलं, थांब, मला एक गोष्ट पाहू दे.

फिल्टरच्या आधी एक पारदर्शक नळीचा तुकडा बसवला आणि गाडी चालू केली. डिझेलमधून बुडबुडे धावत होते, बारीक, न थांबता. मग मग्गाभर पाणी घेतलं आणि दुपट्ट्यावर हळूहळू ओतलं. दोन मिनिटांत बुडबुडे कमी झाले. मग थांबले. ठोका जुळला. चारही सिलेंडर सारखे चालायला लागले आणि जया माझ्याकडं पाहत राहिली. ओलं कापड भोकावर चिकटून बसत होतं, हवा अडत होती. कोरडं पडलं की भोक उघडं. पावसात गाडी खूश, उन्हात रुसलेली. सगळं तुम्ही सांगितलं होतं, शब्दाला शब्द.

मग मी दुपट्टा सोडला. चार वर्षांची गाठ, हातानं सुटेना, पण कापायची नाही असं मनाशी ठरवलं होतं, म्हणून तेल लावून, टोच्यानं उकलत बसलो. लाल काठ आता मातीच्या रंगाचा झाला होता आणि सगळ्या कापडावर मिठाचा पांढरा थर होता. अहो, आपलं खारपाण, जमिनीतलं पाणीच खारट. या पाण्यानं आपल्याकडं बादलीचं बूड टिकत नाही, दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत. लहानपणापासून हे पाहत आलो, आणि तेच पाणी चार वर्षं लोखंडी नळीवर बांधून ठेवलं, रोज ताजं. कापडाखालची नळी वीतभर कुजली होती. एका ठिकाणी सुईच्या टोकाएवढं भोक. ती पंपाची डिझेल ओढणारी बाजू, तिथून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. मी टाकीपासून सगळी नळी चाचपली होती, फक्त ही वीतभर सोडून. इथं मीच बांधलेलं होतं ना. माझ्या हातच्या कामाखाली मी कशाला पाहीन?

तुमचा रागही आला, खोटं कशाला बोलू. एकदा, फक्त एकदा दुपट्टा कोरडा ठेवून यायचं होतं. एकदा माझ्या शिव्या खायच्या होत्या. एवढे मोठे तुम्ही, ट्रकवाल्यांशी भांडणारे, आणि धाकट्या साडूच्या बोलण्याला भिऊन हापशीवर उतरायचे. मग वाटलं, भिऊन कशाचं. माझा शब्द पाळत होता. मी सांगितलं होतं, कोरडा पडू देऊ नका. तुम्ही थंडीतही पडू दिला नाही.

तांब्याची नवी नळी वाकवून बसवली. बाकी काही लागलं नाही. ती दोन नोझलं, ते हेड, ते बारा दिवस, सगळं फुकट होतं. तेही इथं लिहून ठेवतो, म्हणजे तुम्हाला वर कुणी विचारलं तर सांगता येईल की साडूनं कबूल केलं.

दुपट्टा छायानं तीनदा धुतला. मीठ गेलं, काठ काही परत लाल झाला नाही. शनिवारी मी तो आणि गाडी घेऊन मंदाताईकडं गेलो. म्हणालो, गाडी बरी झाली आणि दोष माझा होता, आणि सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली की तुम्हाला माझा राग नव्हता. पाच महिन्यांत रोज जेवताना एकदा तरी विचारायचे, अकोल्याहून काही फोन आला का. ती म्हणायची, तुम्हीच करा ना. तर म्हणायचे, केला होता, त्याला ऐकू येत नाही वाटते गॅरेजात.

दुपट्टा तिनं ठेवून घेतला नाही. माझ्या खांद्यावर टाकला, जसा सासऱ्यांनी टाकला होता. परतवाड्याच्या माणसाला येऊ नका म्हणून तिनं माझ्यासमोरच फोन केला.

आज सोमवार. जया पहाटेच परतवाड्याला गेली, मृग बहाराची संत्री भरायला. दुपारी गॅरेजमध्ये गर्दी होती, त्यातले तीन-चार जण त्या पोळ्याच्या दिवशीही होते. माझा फोन वाजला. पडद्यावर 'साडभाऊ'. मग लक्षात आलं, तुमचा फोन आता जयाकडं आहे.

मी उचलला. पलीकडून कुणी बोललं नाही. फक्त इंजिन. तिनं तुमच्यासारखाच फोन बॉनेटखाली धरला होता. भरलेली गाडी, भर ऊन, आणि चारही ठोके एकामागं एक, एकही चुकत नव्हता. मी हातातला पाना खाली ठेवला, गॅरेजमधल्या सगळ्यांना गप्प बसवलं आणि आवाज मोठा करून त्यांनाही ऐकवला. तिचा फोन चालू होता तोवर मी कापला नाही.

मग त्या सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं म्हटलं, "तुमचं खरं होतं, साडभाऊ. हवाच घेऊन राहिली होती."